पाकीट उलटं करा: बिस्किट-चिवड्याला घरी मार्क कसे द्यायचे

दिवाळी झाली आणि आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट आला 6.3. डॉक्टर म्हणाले गोळी नको एवढ्यात, खाण्याकडे लक्ष द्या. झालं, एवढंच सांगून ते पुढच्या पेशंटकडे वळले. आता आमच्याकडे सकाळी सहाला आणि दुपारी चारला चहा होतो आणि चहाबरोबर बिस्किट लागतंच, ते बंद करा म्हटलं तर घरात अबोला. म्हणून मी नाशिकला इंदिरानगरमधल्या एका मोठ्या दुकानातून 'मल्टिग्रेन' लिहिलेली, गव्हाच्या ओंब्यांचं चित्र असलेली बिस्किटं आणली, नेहमीच्या ग्लुकोज पुड्याच्या दुप्पट भाव देऊन, आणि लय भारी काम केलं असं वाटून घेतलं.

मग रविवारी नणंदेचा जर्मनीहून व्हिडिओ कॉल. तिला पुडा दाखवला तर म्हणे, "वहिनी, समोरून नका दाखवू, मागून दाखवा. आमच्याकडे पाकिटावर ए ते ई असा ग्रेडच छापलेला असतो, तुम्ही तो घरी काढू शकता, नुसती बेरीज-वजाबाकी आहे." तेव्हापासून मला हा नाद लागलाय. आता माझी जाऊ, शेजारच्या काकू, मुलाच्या वर्गमित्रांच्या आया, सगळ्या पाकिटाचे फोटो पाठवतात, याला किती मार्क सांग म्हणून. प्रत्येकीला वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

नणंद सांगत होती तो न्यूट्री-स्कोर. फ्रान्सने 2017 मध्ये तो स्वीकारला, नंतर बेल्जियम, जर्मनी वगैरे देश आले. मूळ गणित मात्र इंग्लंडचं, टीव्हीवर लहान मुलांच्या कार्यक्रमात कुठल्या खाण्याची जाहिरात चालेल नि कुठल्या नाही हे ठरवायला ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बनवलेलं, तेच फ्रेंच लोकांनी रंग लावून पाकिटावर आणलं. हिरवा ए, लाल ई.

आता करायचं कसं. पाकीट उलटं करा, पोषणाचा तक्ता शोधा. तिथे दोन-तीन कॉलम असतात, एक 'प्रति 100 ग्रॅम' आणि एक 'प्रति सर्व्ह'. सर्व्हवाला कॉलम हाताने झाका, खरंच झाका. मी पहिल्यांदा तोच धरला होता, त्यात एक सर्व्ह म्हणजे 25 ग्रॅम, तर माझं मल्टिग्रेन बिस्किट चक्क सीच्या घरात आलं आणि दोन दिवस सगळ्यांना मी "खा हो, चांगलंय" म्हणत होते. सगळं गणित 100 ग्रॅमवरच.

त्या तक्त्यातले चार आकडे वाईट मार्कांचे. 80 कॅलरीला 1 मार्क, 4.5 ग्रॅम साखरेला 1, सॅच्युरेटेड फॅटच्या 1 ग्रॅमला 1, आणि 90 मिलिग्रॅम सोडियमला 1. भागाकार करा, पॉइंटनंतरचं सोडून द्या, एका गोष्टीला जास्तीत जास्त 10. असे चारही मिळवा. साखर म्हणजे टोटल शुगर घ्यायची, खाली अ‍ॅडेड शुगर वेगळी दिलेली असते ती नाही. सोडियमच्या जागी मीठ दिलं असेल तर अडीचने भागा की सोडियम येतं.

चांगल्या मार्कांना तीन गोष्टी. फायबर 0.9 ग्रॅमच्या वर गेलं की 1 सुरू होतो आणि 4.7 च्या वर पूर्ण 5. प्रोटीन 1.6 ग्रॅमला 1, 8 च्या वर पूर्ण 5. आणि फळं-भाज्या-कडधान्यं किती टक्के आहेत ते, 40 टक्क्यांच्या वर 1, 60 च्या वर 2, 80 च्या वर एकदम 5. वाईटातून चांगले वजा करायचे. उत्तर उणे आलं तर ए, 0 ते 2 बी, 3 ते 10 सी, 11 ते 18 डी, 19 आणि पुढे ई. थोडक्यात मार्क जितके कमी तितकं बरं, शाळेच्या उलट. हे आईंना पटायला आठवडा लागला.

एक मेख आहे मात्र. वाईट मार्क 11 किंवा जास्त झाले तर प्रोटीनचे मार्क धरायचेच नाहीत, फक्त फळं-कडधान्यांना पूर्ण 5 मिळाले असतील तरच धरायचे. हा नियम मला फार आवडला, कारण नाहीतर कुणीही साखर-तुपाच्या गोळ्यात चमचाभर प्रोटीन पावडर घालेल आणि ग्रेड सुधारून घेईल, आणि आजकाल 'प्रोटीन' लिहिलेलं काय काय मिळतं ते तुम्ही बघताच.

आता माझे दोन पुडे घेऊ, ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले होते तसे. मल्टिग्रेनवाला: 490 कॅलरी, साखर 20, सॅच्युरेटेड फॅट 9.5, सोडियम 480, फायबर 6. म्हणजे कॅलरीचे 6, साखरेचे 4, फॅटचे 9, सोडियमचे 5, झाले 24. प्रोटीन साडेसात ग्रॅम होतं पण 11 च्या वर गेल्यामुळे बाद. फायबरचे पूर्ण 5 वजा, उरले 19. ई.

ग्लुकोजवाला साधा पुडा: 455 कॅलरी, साखर 26, सॅच्युरेटेड फॅट 6.2, सोडियम 290, फायबर दिलेलंच नाही. 5 आणि 5 आणि 6 आणि 3, झाले 19. वजा काहीच नाही. उरले 19. ई.

म्हणजे दुप्पट पैसे देऊन मी तोच ई घरी आणला होता, फक्त एकात साखर जास्त आणि दुसऱ्यात तूप-मीठ जास्त, म्हणजे पामतेल हो, तूप कुठलं. घटकांची यादी वाचली तर पहिलं नाव मैदा. यादीत वजनाने जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहावं लागतं, तो आपल्याकडे नियमच आहे, तेव्हा मल्टिग्रेन म्हणून पाच धान्यांची नावं मिरवणाऱ्या पुड्यात ती पाच धान्यं सातव्या नंबरपासून सुरू होत असतील तर काय समजायचं ते समजा.

हां, आणि आपल्याकडे फायबर लिहिणं सक्तीचं नाही, त्यामुळे बऱ्याच पाकिटांवर ते नसतं, तिथे शून्य धरा. ज्याच्याकडे खरंच फायबर आहे तो न सांगता राहत नाही.

मग मी फुटाणे काढले. पंचवटीतल्या भट्टीवरून आणतो आम्ही, कागदाच्या पुडीत मिळतात, त्याला कुठला तक्ता. पण भाजक्या हरभऱ्याचे आकडे शोधले की मिळतात: कॅलरी 370 च्या आसपास, सॅच्युरेटेड फॅट 1 च्या आतबाहेर, साखर थोडीशी, प्रोटीन 20 च्या वर, फायबर भरपूर. वाईट 5-6 मार्क, चांगले फायबर-प्रोटीनचेच 10, कडधान्याचे 5 अजून धरलेच नाहीत. सरळ ए. खारे फुटाणे घेतले तरी मिठाचे 5-6 मार्क वाढतात नि कडधान्याचे 5 धरले की ए सुटत नाही. आईंची दुपारची बिस्किटं अशीच गेली. सकाळची अजून आहेत, तिथे माझं चालत नाही.

आता याच गणितात गोची कुठे आहे तेही बघा, नाहीतर तुम्ही सगळ्याच गोष्टींना मार्क देत सुटाल. निफाडकडचे आमचे पाहुणे फेब्रुवारीत द्राक्षांची पेटी आणतात आणि नंतर त्यांच्याच बागेचे बेदाणे. द्राक्षं 100 ग्रॅम, साखर 16 च्या आसपास, 3 मार्क वाईट, फळाचे 5 चांगले, ए. तीच द्राक्षं वाळवली की पाणी गेलं, 100 ग्रॅममध्ये साखर 60 च्या पुढे, साखरेचेच 10, कॅलरीचे 3, वजाबाकी करून सीच्या आसपास. वेल तोच, मणी तोच. फरक एवढाच की 100 ग्रॅम द्राक्षं म्हणजे एक छोटा घड, बसल्या बसल्या संपतो, आणि 100 ग्रॅम बेदाणे एका बैठकीत कोण खातं, आपण शिऱ्यात दहा टाकतो. लोणचं, पापड, काळा मसाला यांचंही तेच, 100 ग्रॅमवर मोजलं तर मिठाने सगळे नापास, पण पानात डावीकडे चमचाभरच येतं. म्हणून मी हा स्कोर फक्त एकाच प्रकारच्या दोन पाकिटांत वापरते. बिस्किट विरुद्ध बिस्किट, चिवडा विरुद्ध चिवडा, शेवया विरुद्ध शेवया. बिस्किट विरुद्ध भाकरी नाही.

तेल, तूप, चीज आणि पेयं यांचे नियम वेगळे आहेत, त्यांना वरचा हिशोब लावू नका. पेयांत तर ए फक्त पाण्याला मिळतो, हे एक लक्षात ठेवलं तरी सरबताच्या बाटल्यांचं बरंच काम होतं. आणि 2023 मध्ये या गणिताची नवी आवृत्ती आलीय, ती साखर आणि मिठाला अजून कडक आहे. मी जुनीच वापरते कारण 80, 4.5, 1, 90 हे पाठ होतं. जुन्यात नापास झालेलं बिस्किट नव्यात काय पास होणार आहे.

एवढाही वेळ नसेल, दुकानात गर्दी आहे, पोरगं हात ओढतंय, तर चिलीवाला नियम वापरा. चिली, दक्षिण अमेरिकेतला देश, त्यांनी 2016 पासून पाकिटावर काळे अष्टकोनी शिक्के मारायला लावले, 'साखर जास्त', 'मीठ जास्त' असं सरळ लिहून, आणि असा शिक्का असलेल्या पाकिटावर कार्टूनचं चित्र छापायला बंदी. मर्यादा टप्प्याटप्प्याने कडक केल्या आणि 2019 पासून 100 ग्रॅम घन पदार्थाला अशा आहेत: कॅलरी 275, सोडियम 400, साखर 10, सॅच्युरेटेड फॅट 4. या चारपैकी जे ओलांडलं त्याचा शिक्का. भागाकार नाही, बेरीज नाही. पाकिटातला पोहे चिवडा बघितला मी, 520 कॅलरी, सोडियम 780, सॅच्युरेटेड 9, म्हणजे तीन शिक्के, फक्त साखरेचा वाचला. माझे फुटाणेसुद्धा कॅलरीत 275 च्या वर जातात, पण तिकडचा कायदा ज्यात वरून साखर, मीठ किंवा फॅट घातलंय त्यालाच लागू होतो, साध्या दाण्या-फुटाण्याला शिक्का नाही. कोरडा पदार्थ म्हटला की कॅलरी जास्त दिसणारच, त्याला घाबरायचं नाही, बाकीचे तीन बघायचे.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 2014 पासून तारे आहेत, अर्ध्यापासून पाचपर्यंत. आपल्या एफएसएसएआयनेही, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2022 च्या सप्टेंबरमध्ये तसाच ताऱ्यांचा मसुदा काढला होता आणि त्यावर बराच वाद झाला, कारण तारा दिसला की माणसाला वाटतं बक्षीस मिळालंय, दीड तारासुद्धा काहीतरी मिळालंय असंच दिसतं. काळा शिक्का बघून असं कुणाला वाटत नाही. मी शिक्क्याच्या बाजूची. पण मी हे लिहितेय तोवर आमच्या किराणावाल्याच्या फळीवर ना तारे ना शिक्के, त्यामुळे सध्या हातातली पेन्सिल. बाय द वे आपल्या पाकिटावर टक्केवारीचा कॉलम असतो ना, तो दिवसाच्या 2000 कॅलरी, 50 ग्रॅम अ‍ॅडेड शुगर, 22 ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट आणि 2000 मिलिग्रॅम सोडियम धरून काढलेला असतो, प्रत्येक सर्व्हला. घरात कुणाला बीपी असेल तर त्यातला सोडियमचा आकडा जरूर बघा, तिथे तो कॉलम कामाचा आहे, तेवढ्यापुरता हात काढा वरून.

शुगरवाल्यांच्या घरात अजून एक मोजमाप कानावर येतं, जीआय, ग्लायसेमिक इंडेक्स. टोरोंटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांनी 1981 मध्ये मांडलेलं. ग्लुकोजला 100 धरायचं आणि बाकी पदार्थ रक्तात साखर किती वाढवतो ते त्याच्या तुलनेत. 55 किंवा कमी म्हणजे कमी, 70 आणि वर म्हणजे जास्त. आमच्या आईंनी कुठेतरी वाचलं की टरबूजाचा जीआय 70 च्या वर आहे, झालं, एप्रिलच्या उन्हात टरबूज बंद. अहो पण टरबूजात पाणीच जास्त, त्यात कर्बोदकं 100 ग्रॅमला 8 च्या आसपास. म्हणून जीआयला कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणून 100 ने भागायचं, त्याला ग्लायसेमिक लोड म्हणतात, 10 पर्यंत कमी, 20 पासून पुढे जास्त. टरबूजाच्या 100 ग्रॅम फोडीचा येतो 6 च्या आत. आई आता एक फोड खातात, अर्धं टरबूज नाही, आणि बरोबर मूठभर शेंगदाणे. उलट बाजूने सांगायचं तर जीआय कमी आहे म्हणून पदार्थ चांगला असंही नाही, तळलेल्या पदार्थात फॅटमुळे साखर हळू चढते आणि जीआय कमी दिसतो. त्यामुळे या आकड्यावर बटाटा वेफर निवडू नका.

आणि एक नोव्हा म्हणून पद्धत आहे, ती मार्क देतच नाही, वर्ग पाडते. ब्राझीलच्या कार्लोस मोंतेरो यांची. पहिला वर्ग म्हणजे ज्वारी, दूध, भाजी, डाळ जशी आहे तशी. दुसरा तेल, तूप, साखर, मीठ, गूळ. तिसरा, या दोघांना एकत्र करून साधं टिकवलेलं, पनीर वगैरे. चौथा म्हणजे कारखान्यातला पदार्थ, ज्यात अशा वस्तू असतात ज्या तुमच्या डब्यात कधीच नसतात, माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर, फ्लेवर, इनव्हर्ट सिरप. ही पद्धत दुकानात सगळ्यात झटपट चालते: यादी वाचा, जे नाव वाचून आपल्या आईला कळणार नाही अशी दोन-तीन आली की चौथा वर्ग. पण तिला साखर किती ते दिसत नाही. माझ्या हातचे बेसनाचे लाडू नोव्हात चौथ्या वर्गात जात नाहीत, म्हणून ते काय रोज चार खायचे का. तिथे पुन्हा पहिलं गणित काढा, पिठीसाखर नि तूप वजन करून घातलं असेल तर 100 ग्रॅमचा हिशोब घरी निघतो. मी काढला. इथे लिहीत नाही.

ताटाचं काय, हे जाऊ हमखास विचारते. मिसळीला किती मार्क? आता मिसळ ही काही एक वस्तू नाहीये, मोड आलेली मटकी एकटी मोजली तर ए, शेव-फरसाण एकटं मोजलं तर डी-ई, पाव मैद्याचा, वर काळ्या मसाल्याच्या रश्शावरची तर्री किती ओतली ते ओतणाऱ्याच्या मनावर. अशा ठिकाणी मार्क काढत बसू नये. मी काय करते, मटकी वाढवून मागते, शेव वेगळ्या वाटीत घेते, तर्री वरून नको सांगते आणि पाव एक. नवरा म्हणतो ही मिसळ नाही उसळ झाली. होऊ दे.

घरच्या ताटाला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये नवीन मार्गदर्शन दिलंय, त्यात साधारण अर्धं ताट भाज्या-फळांचं आणि उरलेल्यात धान्य, डाळी, दूध, दाणे. आमच्याकडे ते असं बसतं: बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून पालेभाजी, गवार, काकडी, जी स्वस्त ती, आणि पेठ-सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, मिळाली की आठवड्यातून तीनदा नागलीची भाकरी. आता नागलीवरून एक सांगते, 'नागली बिस्किट' म्हणून जे मिळतं ते घेताना यादीत नागली किती टक्के लिहिलीय ते बघा. नाव ठळक छापलं की टक्का सहसा शेजारी कंसात लिहिलेला असतो. मी बघितलेल्या एका पुड्यात 11 टक्के होती. बाकी मैदा, साखर, पामतेल.

'नो अ‍ॅडेड शुगर' लिहिलेल्या पाकिटातही टोटल शुगर बघा, खजुराची पेस्ट घातली की वरून साखर घातली नाही हे खरंच असतं, आणि साखर 30 ग्रॅम हेही खरं असतं. गुळाच्या बिस्किटाचंही तेच, या गणिताला गूळ आणि साखर वेगळी दिसत नाही. हे आईंना सांगितलं त्या दिवशी मी फारशी लाडकी नव्हते.

फ्रिजवर माझा कागद चिकटवलेला आहे, स्केचपेनने लिहिलेला: 80, 4.5, 1, 90, आणि खाली 275, 400, 10, 4. पिशवीत एक छोटं भिंगही ठेवते, कारण तो तक्ता छापतात इतक्या बारीक अक्षरात आणि तेही पाकिटाच्या शिवणीवर, की चष्मा लावूनसुद्धा 6 आहे की 8 ते कळत नाही. मोबाईलने फोटो काढून मोठा केला तरी चालतं, दुकानदार एकदा विचारेल "ताई, काही प्रॉब्लेम आहे का", त्याला म्हणायचं काही नाही, वाचतेय.